अणुबॉम्ब, झोंबी आणि ‘मान्य आहे’

आयट्यून्स हा ॲपल कंपनीचा गाणी ऐकण्याचा आणि विकत घेण्याचा प्रोग्राम. तो कॉम्प्युटरवर चढवताना जो करार मान्य करावा लागे, त्यात शेवटी शेवटी एक वाक्य होते. अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे, रासायनिक किंवा जैविक शस्त्रे यांची आखणी, विकास किंवा उत्पादन यांसाठी हे सॉफ्टवेअर वापरणार नाही, अशी कबुली त्यात वापरणाऱ्याकडून घेतलेली होती. गाण्यांच्या याद्या लावणाऱ्या प्रोग्राममधून अणुबॉम्ब कसा तयार होतो, याचा खुलासा मात्र करारात नव्हता.

हे वाक्य कित्येक वर्षे विनोद म्हणून फिरत राहिले. त्यामागचे कारण मात्र अगदी रुक्ष आहे. अमेरिकेतून परदेशी जाणाऱ्या मालावर तिथल्या सरकारची निर्यात नियमावली लागू होते आणि त्या मालात सॉफ्टवेअरही धरले जाते. अशा शस्त्रांच्या कामी येणारी कोणतीही वस्तू, मग ती स्वतः कितीही निरुपद्रवी असो, जाणूनबुजून पुरवणे हा तिथे गुन्हा ठरतो. म्हणून कंपनीचे वकील एकदाच एक परिच्छेद लिहून ठेवतात आणि तोच प्रत्येक उत्पादनाच्या करारात चिकटवतात. उत्पादन कारखान्यातले यंत्र चालवणारे आहे की भावगीते वाजवणारे, हे पाहत बसण्याचे त्यांना कारण नसते. ‘आम्ही बजावले होते’ हे उद्या वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्याला दाखवता यावे, एवढाच त्या वाक्याचा उपयोग.

सॉफ्टवेअरच्या परवाना करारातले जवळजवळ प्रत्येक चमत्कारिक कलम असेच कुणाला तरी उद्देशून लिहिलेले असते. कधी तो सरकारी अधिकारी असतो, कधी न्यायाधीश, कधी प्रतिस्पर्धी कंपनी. ‘मान्य आहे’चे बटण दाबणारा माणूस त्या यादीत क्वचितच असतो. तो वाचणार नाही, हे लिहिणाऱ्याने गृहीतच धरलेले असते.

मुळात हा करार लागतोच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पुस्तक, पंखा किंवा प्रेशर कुकर घेताना कुणी वीस पानांवर सही करत नाही. पण सॉफ्टवेअर ‘विकत घेतले’ असे लोक म्हणत असले, तरी करार सांगतो की ते विकलेले नाही, फक्त वापरायची परवानगी दिली आहे. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. अकरा महिन्यांचे ‘लीव्ह अँड लायसन्स’ करून राहणाऱ्याला जागा वापरता येते, जागेवर हक्क सांगता येत नाही. सॉफ्टवेअरच्या करारातले लायसन्स त्याच जातीचे. फक्त घरमालक समुद्रापलीकडे बसलेला असतो आणि त्याची भेट कधी होत नाही.

१९६९ पर्यंत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा यंत्राबरोबरच येई. त्या वर्षी आयबीएमने यंत्राची आणि प्रोग्रामची किंमत वेगवेगळी लावण्याचा निर्णय जाहीर केला आणि प्रोग्राम ही स्वतंत्र विकाऊ वस्तू बनली. तिला कायद्याचे संरक्षण आहे की नाही, याबद्दल मात्र बराच काळ संदिग्धता होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रामचा स्पष्ट उल्लेख १९८० मध्ये आला. मधल्या काळात कंपन्यांनी कराराचा आधार घेतला, आणि कायदा आल्यावरही ती सवय सुटली नाही. उलट करार वाढतच गेले.

आधी हे करार खोक्यात येत. खोक्यावर पारदर्शक कागद गुंडाळलेला असे आणि तो फाडला की अटी मान्य केल्या, असे समजले जाई. अटींचा कागद आतच असल्यामुळे फाडल्याशिवाय वाचता येत नसे, ही गोम वेगळीच. त्या जमान्यात बोरलँड या कंपनीने, जिचा टर्बो पास्कल हा प्रोग्रामिंगचा संच भारतातल्याही कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये पोचला, एक सुटसुटीत करार काढला होता. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा, असे तो सांगे. कितीही जणांनी वापरावे, कोणत्याही कॉम्प्युटरवर न्यावे. फक्त एकच पुस्तक दोन ठिकाणी दोन माणसांना एकाच वेळी वाचता येत नाही, तसे हेही एका वेळी एकाच ठिकाणी चालले पाहिजे. दहा वर्षांच्या मुलालाही कळेल असा हा करार होता. या व्यवसायाने तो कित्ता गिरवला असता तर या लेखाला विषय उरला नसता.

न्यायालयांनी कंपन्यांची बाजू उचलून धरली ती १९९६ च्या प्रोसीडी खटल्यात. या कंपनीने तीन हजारांहून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्या एकत्र करून त्या सीडीवर आणल्या होत्या. विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यार्थ्याने ती सीडी दुकानातून घेतली आणि त्यातली माहिती इंटरनेटवरून स्वस्तात विकायला काढली. खोक्यातल्या करारात असा व्यापारी वापर मना होता. करार खरेदीनंतर हातात पडला असला, तरी न पटल्यास माल परत करायची सोय होती, म्हणून तो बंधनकारक आहे, असे न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी ठरवले. सहा वर्षांनी, २००२ मध्ये, नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या खटल्यात दुसऱ्या एका अपील न्यायालयाने या मोकळिकीला वेसण घातली. तिथे डाउनलोडचे बटण वर होते आणि अटींचा दुवा पान खाली सरकवल्याशिवाय दिसतच नव्हता. जे दिसलेच नाही त्याला संमती दिली असे म्हणता येत नाही, हा निकाल सोनिया सोटोमायोर यांनी लिहिला. पुढे त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बटणाच्या अगदी शेजारी आज जी चौकट आणि ‘मी अटी वाचल्या आहेत’ असे वाक्य दिसते, ते अशा निकालांमुळे. वाचल्याचा पुरावा कंपनीला मिळतो. वाचणे घडतेच असे नाही.

अणुशक्तीचा उल्लेख आणखी एका प्रसिद्ध करारात आहे, पण त्याची दिशा उलटी. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीच्या जुन्या करारात जावा या तंत्राविषयी स्वतंत्र परिच्छेद होता. अणुभट्ट्या, विमानांचे दिशादर्शन, हवाई वाहतूक नियंत्रण, रुग्णाला जिवंत ठेवणारी यंत्रे, शस्त्रप्रणाली अशा ठिकाणी, जिथे बिघाड झाला तर थेट माणसे मरतील, तिथे जावा वापरण्यासाठी बनवलेली नाही, असे त्यात लिहिले होते. त्याखाली आणखी एक वाक्य होते: हा खुलासा छापण्याचे बंधन सन मायक्रोसिस्टिम्सने मायक्रोसॉफ्टवर करारानेच घातले आहे. जावा सनची होती, आणि जावावरून दोन्ही कंपन्यांत पुढे कोर्टबाजीही झाली. ‘हे आमचे म्हणणे नव्हे, त्यांनी लिहायला लावले’ असे ग्राहकाच्या करारातच नोंदवण्याचा हा प्रकार, दोन भाऊबंदांनी आमंत्रणपत्रिकेत एकमेकांना टोमणा मारावा तसा आहे.

खुलाशामागची भीती मात्र खोटी नव्हती. थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात वापरात असताना सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मारा बसला, काहींचे प्राण गेले, आणि कारणांमध्ये यंत्रातल्या प्रोग्रामच्या चुका निघाल्या. गाण्याचा प्रोग्राम अडकला तर माणूस वैतागतो. अशा यंत्राचा प्रोग्राम अडकला तर काय होते, ते या प्रकरणात दिसले. सर्वसाधारण वापरासाठी केलेला प्रोग्राम कुणीतरी स्वस्तात मिळतो म्हणून दवाखान्यातल्या यंत्राला जोडेल, या शक्यतेपुढे वकिलांनी ही यादी उभी केली.

या यादीला लागूनच येतो तो ‘जसे आहे तसे’ हा भाग. मराठी वाचकाला तो बँकांच्या लिलावाच्या जाहिरातींतून ओळखीचा आहे. जप्त केलेला फ्लॅट जसा आहे, जिथे आहे तसा घ्यायचा, गळती निघाली तर तक्रार चालणार नाही. सॉफ्टवेअरचे करार हेच सांगतात, फक्त नव्याकोऱ्या मालाबद्दल. इंग्रजी करारांत हा परिच्छेद सगळाच्या सगळा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, जणू कुणी कानाशी ओरडत आहे. कारण अमेरिकेतल्या व्यापारी संहितेनुसार माल विक्रीयोग्य असल्याची गर्भित हमी विक्रेत्याला झटकून टाकायची असेल, तर ते लेखी वाक्य ठळकपणे नजरेत भरावे लागते. वकिलांनी ठळकपणाचा अर्थ मोठी अक्षरे असा लावला आणि वाचायला सर्वांत अवघड असा परिच्छेद तयार झाला. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे मराठी भाषांतरात हे ओरडणे आपोआप बंद पडते.

जीवघेण्या कामांच्या त्या यादीतूनच सर्वांत गाजलेले कलम जन्माला आले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲमेझॉनने लंबरयार्ड नावाचे, व्हिडिओ गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर बाजारात आणले. त्याच्या अटींतले ५७.१० क्रमांकाचे कलम सुरुवातीला अगदी नेहमीसारखे होते. वैद्यकीय उपकरणे, स्वयंचलित वाहने, अणुकेंद्रे, लष्करी कारवाई अशा जिवावर बेतणाऱ्या कामांसाठी हे सॉफ्टवेअर वापरू नये. मग त्याच सुरात, त्याच ठसक्यात पुढचे वाक्य येते. चावण्यातून किंवा शरीरातील द्रवांच्या स्पर्शातून पसरणारा असा एखादा विषाणुसंसर्ग सर्वत्र फैलावला, की ज्यामुळे मेलेली माणसे पुन्हा उठून जिवंत माणसांचे मांस, रक्त, मेंदू किंवा मज्जातंतू खायला निघतील आणि सुसंघटित मानवी संस्कृती कोसळण्याची शक्यता निर्माण होईल, तर वरील बंदी लागू राहणार नाही. अट एकच: या संसर्गाला अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, किंवा त्या केंद्राची जागा घेणाऱ्या संस्थेने, प्रमाणपत्र दिलेले असले पाहिजे.

विनोद या झोंब्यांमध्ये नाही, मूळ कलमात कंसात दिलेल्या प्रमाणपत्राच्या तपशिलात आहे. संस्कृती कोसळत असतानाही प्रमाणपत्र लागणारच. आणि प्रमाणपत्र देणारे कार्यालय बुडाले तर त्याचा वारसदार कोण, याचीही तरतूद करून ठेवलेली. मुरलेल्या मसुदालेखकाशिवाय हे कुणाला जमणार नाही. रोगनियंत्रण केंद्राची निवडही अगदीच हवेतली नव्हती. त्याच केंद्राने मे २०११ मध्ये ‘झोंबी आल्यास काय तयारी ठेवाल’ अशी लोकशिक्षणाची मोहीम काढली होती. चक्रीवादळ असो की झोंबी, घरात पाणी, औषधे आणि टॉर्च ठेवा, हे लोकांच्या गळी उतरवण्यासाठी. लंबरयार्ड पुढे २०२१ मध्ये ‘ओपन थ्रीडी इंजिन’ या नावाने खुले करण्यात आले. नव्या, खुल्या परवान्यात झोंब्यांना जागा राहिली नाही.

काही कलमे विचित्र होतात ती कुणाच्या डोक्यातून नव्हे, तर कॉपी-पेस्टमधून. ॲपलने आपला सफारी ब्राउझर विंडोजवर चालेल अशा रूपात आणला, तेव्हा करार मात्र जुनाच उचलला. सॉफ्टवेअर फक्त ‘ॲपलचे नाव असलेल्या’ एका कॉम्प्युटरवर बसवावे, असे त्यात होते. म्हणजे विंडोजसाठीची सफारी विंडोजच्या कॉम्प्युटरवर बसवणारा प्रत्येक माणूस पहिल्याच क्षणी करारभंग करत होता. २००८ च्या मार्चमध्ये एका इटालियन संकेतस्थळाने हे दाखवून दिले आणि मजकूर बदलला गेला.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या २ तारखेला गुगलने क्रोम आणला. त्याच्या करारातले ११ वे कलम सांगत होते की वापरणारा क्रोममधून जे काही पाठवील, प्रसिद्ध करील किंवा दाखवील, त्याचा वापर करण्याचा कायमचा, जगभर चालणारा, विनामोबदला परवाना गुगलला मिळेल. गुगलच्या ज्या सेवांवर लोक स्वतःहून मजकूर टाकतात, त्यांच्यासाठी असे कलम समजण्यासारखे आहे. पण ब्राउझरमधून माणूस सगळेच करतो. बँकेचा व्यवहार, वकिलाला पाठवलेले पत्र, अर्धवट कादंबरी, सगळेच त्या वाक्याच्या कचाट्यात येत होते. दुसऱ्याच दिवशी गुगलने कलम मागे घेतले आणि ते पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केले. इतर सेवांचा मजकूर तसाच वापरला गेला होता, असे कंपनीने सांगितले. चार वर्षांनी ॲपलच्या पुस्तके तयार करण्याच्या प्रोग्रामबाबतही असाच गोंधळ झाला. या प्रोग्राममध्ये केलेले पुस्तक विकायचे तर ॲपलच्याच दुकानातून, असा अर्थ लेखकांनी लावला, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत कंपनीला मजकूर स्पष्ट करावा लागला.

सफारी आणि क्रोमची कलमे पकडली गेली कारण कुणीतरी वाचत होते. किती जण वाचतात हे पाहण्यासाठी मुद्दाम पेरलेली कलमे ही एक वेगळीच शाखा आहे. २००५ मध्ये पीसी पिटस्टॉप या अमेरिकी कंपनीने आपल्या करारात एक वाक्य घातले: या पत्त्यावर ईमेल पाठवणाऱ्याला खास मोबदला मिळेल, त्यात पैसेही असू शकतात. चार महिने गेले, तीन हजारांवर डाउनलोड झाले, आणि मग एक ईमेल आला. पाठवणाऱ्याला १,००० डॉलर मिळाले. बाकी सगळ्यांनी बटण दाबून पैसे सोडून दिले होते.

पाच वर्षांनी, १ एप्रिल २०१० रोजी, गेमस्टेशन या ब्रिटिश व्हिडिओ गेमच्या दुकानाने उलटा प्रयोग केला. त्या दिवशी ऑनलाइन खरेदी करणाऱ्याने आपला अमर आत्मा दुकानाच्या स्वाधीन करायचा होता, मागणी होताच पाच कामकाजाच्या दिवसांत. आणि मागणीची नोटीस सहा फूट उंच अग्निअक्षरांत देण्याचा अधिकार दुकानाने राखून ठेवला होता. हे नको असेल त्याच्यासाठी शेजारीच एक दुवा होता, आणि तो दाबणाऱ्याला पाच पौंडांचे कूपन मिळे. दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी तो दाबला नाही. सुमारे साडेसात हजार आत्मे जमा झाल्यावर दुकानाने सगळे परत केले. कामकाजाचे दिवस कोणाचे धरायचे, दुकानाचे की सैतानाचे, हा प्रश्न अनिर्णितच राहिला.

फुकट वाय-फायच्या बाबतीत तर घाई आणखी वाढते. २०१४ मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीने लंडनमध्ये थोडा वेळ एक मोफत वाय-फाय चालू ठेवले. अटींमध्ये जोडणीच्या बदल्यात पहिले अपत्य कायमचे देण्याची तरतूद होती. पान बंद करायच्या आत सहा जण मान्य करून मोकळे झाले होते. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या पर्पल या वाय-फाय पुरवणाऱ्या कंपनीने दोन आठवडे एक कलम ठेवले: वापरणाऱ्याने १,००० तास समाजसेवा करावी. कोणती, त्याची यादीही होती. फिरती शौचालये घासणे, बागेतली जनावरांची घाण उचलणे, भटक्या कुत्र्या-मांजरांना मिठ्या मारणे, गोगलगाईंच्या शंखांना रंग देऊन त्यांचे आयुष्य उजळवणे. २२,००० लोकांनी हे पत्करले. कलम लक्षात आल्याचे कळवणारा एकच निघाला.

जोनाथन ओबार आणि ॲन ओल्डॉर्फ-हिर्श या संशोधकांनी हीच गोष्ट शिस्तीत मोजली. ५४३ विद्यार्थ्यांना त्यांनी एका नव्या समाजमाध्यमावर नाव नोंदवायला सांगितले. ते माध्यम अस्तित्वातच नव्हते. त्याच्या अटी वाचायला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. विद्यार्थ्यांनी सरासरी ५१ सेकंद दिले. सेवेची किंमत म्हणून पहिले अपत्य द्यावे लागेल, हे कलम ९८ टक्के जणांच्या लक्षातच आले नाही.

यावरून लोकांना बेफिकीर ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्याही बाजूने थोडे पाहायला हवे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘चॉइस’ या ग्राहकसंस्थेने एका नटाला किंडल या ई-वाचनयंत्राच्या अटी मोठ्याने वाचायला बसवले. मजकूर ७३ हजारांवर शब्दांचा होता. वाचन संपायला जवळजवळ नऊ तास लागले. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००८ मध्ये केलेला हिशेब आणखी बोलका आहे: वर्षभरात भेट दिलेल्या सगळ्या संकेतस्थळांची नुसती गोपनीयता धोरणे वाचायची म्हटली, तर एका माणसाचे सुमारे २४४ तास जातील. रोज आठ तासांप्रमाणे हा महिन्याभराहून अधिक पगारी वेळ झाला.

सगळीच चमत्कारिक कलमे कंपन्यांची नसतात. एकेकट्याने प्रोग्राम लिहून फुकट वाटणाऱ्यांनीही परवान्यात आपले स्वभाव ओतले आहेत. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग काम्प यांचा ‘बिअरवेअर’ परवाना दोन-तीन ओळींचा आहे: हवे ते करा, कधी भेट झालीच आणि प्रोग्राम तेवढ्या लायकीचा वाटला तर मला एक बिअर पाजा. विम हा मजकूर संपादित करण्याचा प्रोग्राम डच प्रोग्रामर ब्राम मोलेनार यांचा. त्यांनी परवान्यातच वापरणाऱ्यांना युगांडातल्या किबाले इथल्या मुलांसाठी मदत पाठवण्याची विनंती केली. लाखो लोकांनी हा प्रोग्राम उघडला आणि पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांची आठवण वाचली. मोलेनार २०२३ मध्ये वारले.

सर्वांत खळबळ उडवली ती डग्लस क्रॉकफर्ड यांच्या एका वाक्याने. वेबवर माहितीची देवाणघेवाण ज्या जेसन नावाच्या साच्यातून होते, त्याचे हे प्रवर्तक. आपल्या प्रोग्रामच्या परवान्यात त्यांनी २००२ च्या सुमारास एक ओळ वाढवली: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे. वाचायला भाबडी वाटणारी ही ओळ वकिलांच्या मात्र घशात अडकली. चांगले म्हणजे काय आणि वाईट ठरवणार कोण? क्रॉकफर्ड स्वतः सांगत की एका मोठ्या कंपनीच्या वकिलाने त्यांना लेखी सवलत मागितली. आम्ही वाईट काही करणार नाही, पण आमच्या ग्राहकांची हमी देता येत नाही, असे त्याचे म्हणणे. कंपनीची लाज राखण्यासाठी नाव घेत नाही, फक्त आद्याक्षरे सांगतो, असे म्हणून क्रॉकफर्ड पुढे जोडत: आयबीएम. सवलत त्यांनी दिली, आणि ती अशी की आयबीएम, तिचे ग्राहक, भागीदार आणि हस्तक यांना या प्रोग्रामचा वापर वाईटासाठी करण्याची परवानगी आहे.

गंमत इथे संपत नाही. सॉफ्टवेअर ‘मुक्त’ म्हणवायचे तर ते कुणालाही, कोणत्याही कामासाठी वापरता आले पाहिजे, हा त्या चळवळीचा पाया. ‘वाईटासाठी नव्हे’ ही बंदी, कितीही सज्जन असली तरी, बंदीच. म्हणून लिनक्स या मुक्त प्रणालीची एक आवृत्ती तयार करणाऱ्या डेबियनने हा परवाना मुक्त मानायचे नाकारले आणि २०१६ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे प्रकल्प चालवणाऱ्या अपाचे फाउंडेशननेही आपल्या प्रकल्पांत तो वर्ज्य केला. सदिच्छा आणि अट यांच्यातला फरक लिनक्सवाल्यांनी इतक्या गांभीर्याने घेतला की कित्येकांना केवळ या एका ओळीसाठी प्रोग्रामचे भाग नव्याने लिहावे लागले.

याउलट, खऱ्या अर्थाने खटकणारी कलमे वाचताना हसू येत नाही; ती नजरेतून निसटतात. त्यांतले एक एका प्राध्यापकाच्या नावाने ओळखले जाते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट यांनी सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये वेगवेगळ्या डेटाबेस प्रणालींच्या वेगाची तुलना प्रसिद्ध केली. डेटाबेस विकणाऱ्या ओरॅकल कंपनीचे आकडे चांगले आले नाहीत आणि कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन संतापले. त्यानंतर ओरॅकलच्या परवान्यात अट आली: कंपनीच्या परवानगीशिवाय वेगचाचणीचे निकाल प्रसिद्ध करायचे नाहीत. इतर कंपन्यांनीही तीच अट उचलली आणि तिला ‘डेविट कलम’ हे नाव पडले. गाडी घ्यायची, पण ती लिटरला किती किलोमीटर देते हे शेजाऱ्याला सांगायचे नाही, असा हा प्रकार.

मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेज २००२ या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रोग्रामच्या करारात तर मायक्रोसॉफ्टची किंवा तिच्या सेवांची निंदा करणाऱ्या संकेतस्थळासाठी सॉफ्टवेअर वापरू नये, असेच लिहिलेले सापडले. मॅकॅफी हा अँटिव्हायरस विकणाऱ्या नेटवर्क असोसिएट्सची मजल पुढची: चाचणीचे निकाल उघड करायचे नाहीत आणि संमतीशिवाय परीक्षणही छापायचे नाही. एका संगणकविषयक नियतकालिकाने कंपनीच्या दुसऱ्या उत्पादनाचे परखड परीक्षण छापले तेव्हा कंपनीने याच कलमाकडे बोट दाखवले. न्यूयॉर्क राज्याचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी दावा लावला आणि २००३ मध्ये न्यायालयाने हे कलम ग्राहकांची दिशाभूल करणारे ठरवून वापरायला मनाई केली. ग्राहकाचे तोंड बंद करणाऱ्या अशा साचेबंद अटी अमेरिकेने पुढे २०१६ च्या कायद्याने निरर्थक ठरवल्या.

एक कलम मात्र ग्राहकांनीच कंपनीवर उलटवले. कॉम्प्युटरबरोबर येणाऱ्या विंडोजच्या करारात लिहिलेले असे की अटी मान्य नसतील तर न वापरलेले सॉफ्टवेअर परत करून पैसे घेण्यासाठी कॉम्प्युटरच्या उत्पादकाशी संपर्क साधावा. लिनक्स वापरणाऱ्यांना विंडोज नकोच होते, तरी तिची किंमत लॅपटॉपमध्ये धरलेली असे. ऑस्ट्रेलियातल्या एकाने हे वाक्य पुढे करत तोशिबाशी पत्रव्यवहार चालवला आणि ११० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले. मग १५ फेब्रुवारी १९९९ रोजी कॅलिफोर्नियात लिनक्सवाले न उघडलेल्या विंडोजच्या प्रती घेऊन फॉस्टर सिटीतल्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर चालून गेले. कंपनीने त्यांचे स्वागत केले, पैसे मात्र दिले नाहीत. करारात उत्पादकाकडे जा असे लिहिले आहे, आमच्याकडे नव्हे, हे तिचे उत्तर. उत्पादक अर्थातच मायक्रोसॉफ्टकडे बोट दाखवत.

भारतात अशा करारांचे वजन काय, हे ठरवणारा मूळ कायदा १८७२ चा आहे. बटण दाबून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०ए या कलमाने स्पष्ट केले. पण करार कायद्याचे २३ वे कलम बेकायदा किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध उद्देश असलेले करार रद्दबातल ठरवते. त्यामुळे आत्मा आणि थोरले अपत्य दोन्ही इथे सुरक्षित आहेत. अज्ञानाने, म्हणजे अठरा वर्षांखालच्याने, केलेला करार मुळातच शून्य असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात सांगितले. मोबाइलवर गेम चढवताना घराघरांतली मुले जे ‘मान्य आहे’ दाबतात, त्यातल्या बहुतेकांचे कायदेशीर मूल्य या निकालावरून ठरते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना आणली. एका बाजूला वाटेल तेव्हा करार मोडण्याचा हक्क, करारभंगाला अवाच्या सवा दंड, ग्राहकाला तोट्यात ढकलणारी अवाजवी बंधने असे त्याचे प्रकार कायद्यात दिले आहेत. पण याची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही. राज्य आयोगाकडे जावे लागते. पाचशे रुपयांच्या ॲपसाठी गडचिरोलीहून किंवा सावंतवाडीहून राज्य आयोगाचा दरवाजा कोण ठोठावणार, हा व्यवहाराचा भाग झाला.

भाषेच्या बाबतीत थोडी हालचाल झाली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी संमती मागताना ती साध्या, स्पष्ट भाषेत मागावी लागते, आणि तो मजकूर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. ही तरतूद फक्त माहितीच्या संमतीपुरती आहे. परवाना करार, त्यातली ‘जसे आहे तसे’ची मोठी अक्षरे, वाद चालवण्यासाठी नेमलेल्या परदेशी न्यायालयांची नावे आणि अण्वस्त्रे न बनवण्याची कबुली यांना ती लागू होत नाही, ती पाने अजून बहुधा इंग्रजीतच असतात.